पाऊण तास मागे चाललेला गार्ड

आमचा लायनेल पास्को चाळीस वर्षं रेल्वेत गार्ड होता आणि चाळीस वर्षांत तो एकदाही गाडीला उशिरा आला नाही, हे पोर्ट ऑगस्टातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणाला ठाऊक नसलंच, तर लायनेल स्वतः सांगतो. माझी थोरली बहीण थेल्मा त्याची बायको. त्यामुळे दर रविवारी मटण-बटाट्याबरोबर मला ते नव्यानं ऐकावं लागायचं. मी पोस्टात तीस वर्षं खिडकीवर काढली आहेत, लोकांचं ऐकून घ्यायची मला सवय आहे, तरी माणसाच्या सहनशक्तीला काही सुमार असतो.

त्याच्या ह्या वेळेवरच्या कीर्तीतली खरी गोष्ट मात्र तो कधी सांगायचा नाही. त्याचं खिशातलं साखळीचं घड्याळ रेल्वेचं होतं, एका चावीत तीन दिवस चालणारं, पण त्याला चावी द्यायची थेल्मा. लग्न झाल्यापासून रोज सकाळी सहा वाजता, चहा ओतायच्या आधी, ती त्याच्या जाकिटातून घड्याळ काढणार, चावी देणार, काटे ताडून बघणार आणि परत ठेवणार. लायनेलनं त्या घड्याळाच्या चावीला आयुष्यात बोट लावलं नाही. शंभर-शंभर डब्यांच्या गाड्यांना तो हिरवा झेंडा दाखवायचा, तो आमच्या थेल्माच्या भरवशावर.

निवृत्त झाल्यावर रेल्वेनं त्याला जन्मभराचा फुकट पास दिला. दोघांच्या नावाचा. मग काय, दरवर्षी दोघं दोन रात्रींचा प्रवास करून पर्थला जायची, लेकीकडे आणि नात नरेलकडे. परत आली की एकाच प्रवासाच्या दोन कहाण्या मला ऐकायला मिळायच्या.

मागच्या वर्षीचंच घ्या. पावसानं रूळ वाहून गेले आणि गाडी नल्लारबॉरच्या माळावर एकोणीस तास उभी राहिली. आजूबाजूला गुडघाभर झुडपं, बाकी डोळे फुटेस्तोवर काही नाही. लायनेल म्हणाला, "बेरिल, काय मजा आली सांगू. एक लोकरीचा व्यापारी होता, एक नन होती. ननबाईनं पत्त्यात आम्हा सगळ्यांना धुतलं. रात्री सगळ्या डब्यानं गाणी म्हटली. विमानात माणूस नुसता पोचतो गं, प्रवास करायचा तर गाडीनंच."

थेल्मा म्हणाली, "संडास तुंबला होता. वरच्या बर्थवरच्या बाईचं घोरणं बंद झालं की ती मेली की काय म्हणून मी उठून बघायचे. समोर मेंढ्या कातरणारा बसला होता, त्यानं बूट काढले ते एकोणीस तास घातलेच नाहीत. धूळ तर माझ्या कवळीत गेली. ह्याला मजा आली, कारण हा गाणी म्हणत होता आणि मी ह्याच्या सदऱ्याला बटण लावत होते."

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत.

मग मार्चमध्ये नरेलचं लग्न ठरलं. शनिवारी दुपारी दोन वाजता, पर्थच्या चर्चमध्ये. नरेलचा बाप ती पाच वर्षांची असताना गेला, म्हणून तिचा हात धरून तिला चर्चमध्ये नेणार होता आजोबा, म्हणजे लायनेल. पत्रिका आली त्या रविवारी थेल्मानं टेबलावर सुरी ठेवली आणि म्हणाली, "मी विमानानं जाणार आहे."

लायनेलनं मान वर केली. "आणि पास?"

"पास तुझ्या उरावर घेऊन बस. तीन तासांत पोचते मी, धुतलेल्या केसांनी."

"मी गाडीनंच जाणार," लायनेल म्हणाला.

"जा की. पण एक सांगते. नरेलच्या लग्नाला तू एक मिनिट जरी उशिरा आलास, तरी तो पास मी चुलीत घालणार. मग पुढं मरेपर्यंत माझ्या शेजारी विमानात गुमान बसायचं."

"मान्य," लायनेल म्हणाला. त्याचा आवाज मात्र जरा पडला होता. मला कळलं, त्याला पासाची भीती नव्हती. शेजारची खिडकीजवळची जागा रिकामी राहणार, हे त्याला लागलं होतं. पण तसं तोंडानं म्हणेल तर तो पास्को कसला.

त्या दिवसापासून दोघांचा अबोला. चांगला तीन आठवडे चालला. "बेरिल, लायनेलला सांग, मीठ त्याच्या कोपरापाशी आहे." "बेरिल, थेल्माला सांग, मला दिसतंय." घड्याळाला चावी मात्र रोज सहा वाजता मिळत होती. भांडण त्याच्या जागी, घड्याळ त्याच्या जागी.

आता केकचं सांगते. थेल्मानं नरेलसाठी तीन मजली केक केला होता. सुकामेवा दोन महिने ब्रँडीत मुरवलेला, वर साखरेचा पांढराशुभ्र थर, अगदी वरचा मजला पहिल्या बाळाच्या बारशासाठी राखून ठेवायचा. हा केक विमानात सामानात टाकायला ती तयार नव्हती. "ते लोक पेट्या फेकतात," म्हणाली. म्हणजे जिला गाडीचा राग, तिचा केक गाडीनं जाणार. आणि केकबरोबर कोण? मी. मला कुणी विचारलं म्हणता? तिकीट काढून माझ्या हातात ठेवलं.

गुरुवारी दुपारी थेल्मा आम्हाला सोडायला फलाटावर आली. तिचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. गाडी सुटायला दोन मिनिटं असताना ती पुढं झाली, लायनेलच्या जाकिटातून घड्याळ काढलं, चावी दिली, काटे फिरवले आणि परत खिशात ठेवून वरून थोपटलं. एक शब्द बोलली नाही. गाडी सुटल्यावर लायनेल बराच वेळ खिशावर हात ठेवून बसला होता.

इथं घोटाळा झाला. पर्थची घड्याळं आमच्यापेक्षा दीड तास मागे. मधल्या उजाड मुलखात गाडी ना आमचं ऐकते ना त्यांचं. तिची स्वतःची वेळ असते, आमच्यापेक्षा पाऊण तास मागे आणि पर्थपेक्षा पाऊण तास पुढे. गाडीत बसलं की घड्याळ गाडीच्या वेळेला लावायचं, ही आमच्याकडची रीत. लायनेलला वाटलं, थेल्मानं तेच केलं. आणि थेल्मानं लावलं होतं थेट पर्थचं, चर्चचं. गाडीच्या वेळेशी तिला काय कर्तव्य? नवरा दोन वाजता चर्चच्या दारात उभा असला म्हणजे झालं. तोंड उघडून एवढं सांगितलं असतं तर? पण अबोला होता ना.

संध्याकाळी जेवणाची घंटा झाली. लायनेलनं घड्याळ पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "पाऊण तास आधी जेवायला घालतात. आजकाल कुणाला शिस्त राहिलेली नाही." सकाळी नाश्त्यालाही तेच.

मी म्हटलं, "लायनेल, तुझंच घड्याळ मागे असेल."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं अंड्याचं कवच फोडायला घेतलं. थेल्माशी तो तीन आठवडे बोलला नव्हता, पण तिनं लावलेल्या घड्याळावर शंका घेतलेली त्याला खपणार नव्हती.

सकाळी पावणेदहाला गाडी विराबिलाला थांबली. विराबिला म्हणजे रुळाकडेची सात घरं, एक पाण्याची टाकी आणि योसिप. योसिप तिथला रूळवाल्यांचा मुकादम, लायनेलचा तीस वर्षांचा दोस्त. गाडी तिथं पाणी भरते. गार्ड डॅरिल डब्याडब्यातून सांगत गेला, "साडेदहाला सुटणार, साडेदहाला." हा डॅरिल लायनेलच्याच हाताखाली शिकलेला.

लायनेल चपला आणि अर्धी चड्डी अशा अवतारात उतरला. लग्नाचा सूट गाडीतल्या आमच्या खणात खुंटीला टांगलेला होता. "योसिपकडे कॉफी घेऊन येतो," म्हणाला. "तू केक सांभाळ."

पुढचं मला योसिपनं नंतर फोनवर सांगितलं. त्याच्या बायकोनं, मारानं, मनुके घातलेली पोळी केली होती. लायनेल तिसऱ्या तुकड्यावर असताना गाडीची शिट्टी झाली. योसिप म्हणाला, "अरे ऊठ, तुझी गाडी." लायनेलनं घड्याळ काढलं, बघितलं, झाकण लावलं. "पावणेदहा. नवा ड्रायव्हर दिसतोय, उगाच शिट्ट्या मारतो. मारा, अजून कॉफी आहे का?"

इकडे मी दारात उभी राहून मान लांब करून बघत होते. डॅरिल झेंडा घेऊन निघाला तशी मी त्याची बाही धरली. "डॅरिल, लायनेल आला नाही."

"पास्को?" डॅरिल हसायलाच लागला. "बेरिल, पास्को आणि उशिरा? कुठल्यातरी डब्यात गप्पा छाटत बसला असेल. आणि नसला, तरी त्याच्यासाठी गाडी थांबवली तर तोच मला सोलून काढील. 'गाडी कुणासाठी थांबत नाही,' हे मला शिकवलं कुणी?"

आणि गाडी सुटली. मी सगळे डबे पालथे घातले, दोनदा. तिसऱ्या फेरीला डॅरिल माझ्याबरोबर होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पुढची प्रवासी गाडी रविवारी. लग्न शनिवारी. खणात परत आले तर खुंटीवरचा रिकामा सूट गाडीबरोबर हलत होता. मला रडूच आलं. नरेल चर्चच्या दारात कुणाची वाट बघत उभी राहील, तेच डोळ्यांपुढे येत होतं. पास गेला चुलीत, पण त्या पोरीला दुसऱ्यांदा बाप नसल्यासारखं वाटणार होतं.

एवढ्यावर भागलं नाही. दुपारी दोनला आमचं इंजिन बंद पडलं. गाडी कशीबशी बाजूच्या रुळावर घेतली आणि दुसरं इंजिन येईपर्यंत बसून राहा, असा निरोप आला. बाहेर चाळीसच्या वर ऊन, आत गार हवेचं यंत्र ठप्प. मी केकच्या पेटीवर ओले टॉवेल घालत बसले. आजाऱ्याची पट्टी बदलावी तसं दर वीस मिनिटांनी टॉवेल बदलत होते.

पाचच्या सुमाराला मागून धडधड ऐकू आली. लोक ओरडले, "इंजिन आलं." कसलं इंजिन, मालगाडी होती, पर्थला जाणारी. डॅरिलनं खालून हात केले, पण ती थांबली नाही. तिच्यातून बिअर चालली होती, शनिवारची बिअर. पर्थकरांना लग्नाला नवरी उशिरा आलेली चालेल, बिअर नाही. डबे जाता जाता संपत आले, शेवटचा माणसांचा डबा आला, आणि त्याच्या पायरीवर चपला-चड्डीत लायनेल पास्को उभा. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात मनुक्याची पोळी. मला बघून त्यानं पोळी हलवली. खिडकीतून मी ओरडले, "सूट!" पण तोवर तो गेला होता.

योसिपनं फोन करून मालगाडीवाल्यांना गळ घातली होती. विराबिलाला त्यांचा ड्रायव्हर बदलतो, तेवढ्या वेळात लायनेलला चढवलं. म्हणजे बघा, ज्याची गाडी चुकली तो पुढं गेला, आणि शहाण्यासारखी जागेवर बसलेली मी माळावर.

आम्ही रात्रभर तिथंच होतो. जेवणाच्या डब्यात शेवटी फक्त बटाटे आणि मोहरीची चटणी उरली, मग बटाटेही संपले. पलीकडच्या खणात जुळी पोरं होती, चार वर्षांची. ती माझ्या पेटीकडे बघत उभी राहायची, मागायची नाहीत. मागितलं असतं तर मी नाही म्हणू शकले असते. पहाटे मी सुरी मागवली आणि केकचा खालचा, सगळ्यात मोठा मजला कापला. त्रेसष्ट तुकडे झाले. मेंढीवाले, शिक्षिका, एक पाद्री, सगळे तोंडातली ब्रँडी जिभेवर घोळवत बसले. मग त्या शिक्षिकेनं कागदी रुमाल वाटले आणि प्रत्येकाकडून नरेलसाठी दोन ओळी लिहून घेतल्या. जुळ्यांनी रुमालावर मेंढीचं चित्र काढून दिलं. खोटं कशाला बोलू, आदल्या दिवशी ज्यांना ओळखतही नव्हते ती माणसं सकाळपर्यंत मला मावशी-आत्यासारखी वाटायला लागली. माझे पाय मात्र सुजून भाकरीएवढे झाले होते.

शनिवारी संध्याकाळी सहाला, पंधरा तास उशिरा, आम्ही पर्थला पोचलो. लग्न लागून गेलं होतं. मी टॅक्सीनं थेट जेवणाच्या हॉलवर गेले. दारातच लायनेल दिसला. योसिपनं त्याला आपला लग्नातला सूट दिला होता, तपकिरी, रुंद कॉलरचा. योसिप लायनेलच्या खांद्याला लागतो. बाह्या कोपराशी, पँट पोटरीशी, आणि सगळ्या हॉलभर डांबरगोळ्यांचा वास.

"पोचलास?" मी विचारलं.

"दीड वाजता," तो म्हणाला. "अर्धा तास आधी. नरेल म्हणाली, आजोबा, तुझ्याइतका देखणा माणूस आज चर्चमध्ये नाही." त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं नाक शिंकरलं, तेही योसिपच्याच रुमालात.

थेल्मा पेटी उघडून उभी होती. "बेरिल, मी तीन मजले दिले होते."

"दिले होतेस."

"तिसरा कुठं आहे?"

मी रुमालांचा गठ्ठा तिच्या हातात ठेवला. तिनं चष्मा लावला आणि वाचत गेली. पहिला, दुसरा, दहावा. मग नरेलनं ते हिसकावून घेतले आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मेंढीपर्यंत आली तेव्हा थेल्मा खुर्चीत बसली होती.

"लायनेल," ती म्हणाली. तीन आठवड्यांतला पहिला शब्द. "तू, आणि गाडी चुकवलीस? तू?"

लायनेलनं घड्याळ तिच्यापुढे धरलं. "मला काय माहीत. मी ह्याच्यावर चाललो."

तिनं घड्याळ पाहिलं. भिंतीवरचं पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता. तिला काय कळायचं ते कळलं, मी तिच्या कानांवर लाली चढताना पाहिली. मी वाट बघत होते, आता कबूल करते की नाही. तर तिनं घड्याळाला चावी दिली, परत त्याच्या खिशात ठेवलं आणि हात पुढं केला. "पास दे."

लायनेलचा चेहरा उतरला. "मी उशिरा आलो नाही, थेल्मा."

"दे म्हणते ना."

त्यानं दिला. थेल्मानं तो आपल्या पर्समध्ये टाकला आणि पर्समधून विमानाचं परतीचं तिकीट काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. "बेरिल, हे तू घे, नाव मी बदलून घेते. तुझे पाय सुजलेत. आणि तू रे, तोंड काय उघडं टाकून बसलास? पासावर माझंही नाव आहे."

मी विमानानं आले. तीन तास. शेजारच्या माणसानं एकदा कोपर लागलं म्हणून माफी मागितली, तेवढंच बोलणं. खायला एक बिस्कीट मिळालं. पाय सुजले नाहीत, हे मान्य करायलाच हवं.

ती दोघं त्यानंतर पाच दिवसांनी निघाली. ठरल्या दिवशी मी पोर्ट ऑगस्टाच्या फलाटावर गेले. गाडी चार तास उशिरा आली. लायनेल उतरला. हातात दोन बॅगा. मी त्याच्या मागं बघितलं, मागं कुणी नव्हतं.

"थेल्मा कुठाय?"

"विराबिलाला."

"म्हणजे?"

"योसिपचा सूट परत द्यायला उतरली. माराला स्वतः भेटून आभार मानायचे म्हणाली. घड्याळ घेऊन गेली बरोबर, उशीर नको म्हणून." त्यानं बॅगा खाली ठेवल्या. "ते अजून पर्थच्याच वेळेवर होतं, बेरिल. निघाल्यापासून आम्ही दोघं बोलतच बसलो होतो. तीन आठवड्यांचं राहिलं होतं ना. काटे फिरवायचं राहूनच गेलं."

"आणि तू गाडी थांबवली नाहीस?"

"मी झोपलो होतो," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "खिडकीजवळची जागा तिची होती. जाग आली तेव्हा रिकामी होती."

घरी चल म्हटलं तर येईना. फलाटावरच्या बाकड्यावर बसून राहिला, जाकिटाच्या रिकाम्या खिशावर हात ठेवून. दर पाच मिनिटांनी मला विचारायचा, "किती वाजले?" मी त्याला सँडविच आणून दिलं, ते त्यानं तसंच धरून ठेवलं. चाळीस वर्षं लोकांना फलाटावर टाकून झेंडे दाखवणारा माणूस, पण फलाटावर वाट बघायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली असावी.

साडेतीन तासांनी मालगाडी आली. शेवटच्या डब्याच्या पायरीवर आमची थेल्मा, बहात्तर वर्षांची, केस धुळीनं लाल, काखेत माराच्या पोळीचा डबा. ड्रायव्हरनं उतरून तिला हात दिला. तिनं त्याला नावानं हाक मारून बायकोचं डोकं दुखणं कमी झालं की कळव म्हणून सांगितलं.

ती लायनेलपुढं येऊन उभी राहिली. कवळीत धूळ गेली असणार, ओठ चाचपत होती. मला वाटलं, आता तोफ उडणार.

"लोक फार चांगले होते," ती म्हणाली. मग घड्याळ काढलं, चावी दिली आणि त्याच्या खिशात ठेवून वरून थोपटलं.

"काटे कुठल्या वेळेला लावलेस?" मी विचारलं.

ननबाई, लोकरीवाला, मालगाडीचा ड्रायव्हर, असं काहीतरी एकमेकांना सांगत ती दोघं केव्हाच रस्त्याला लागली होती. बॅगा मीच उचलल्या.